पासवर्ड न विचारता आत

ग्वाल्हेरच्या दौलतगंजात, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, सर्व्हरची देखभाल करणारं चार टेबलांचं ऑफिस आहे. मे महिन्यातली दुपार. बाहेर लू चाललेली, आणि आत एसीच्या आवाजावर सर्व्हरच्या पंख्यांनी मात केलेली. झाकण काढलेला एक जुना सर्व्हर टेबलावरच चालू आहे. ऑफिस चालवणारे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरातले. शिकायला येणारी मुलं त्यांना काका म्हणतात.

शहरातल्या एका शिक्षणसंस्थेचे तीन सर्व्हर व्हीएमवेअरच्या जुन्या ईएसएक्सआयवरून प्रॉक्समॉक्सवर हलवायचं काम हातात आहे. हे दोन्ही एकाच यंत्रात अनेक संगणक चालवणारे प्रोग्रॅम. अशी कामं सध्या बरीच येतात. ईएसएक्सआयच्या ६.५ आणि ६.७ या आवृत्त्यांचा आधार ऑक्टोबर २०२२ मध्ये संपला, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतली आणि त्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्रीच बंद केली. छोट्या संस्थांना वर्षवर्गणीचं नवं गणित झेपत नाही. पण हलवाहलव सुरू करण्याआधी काका प्रत्येक नव्या तुकडीला एक गोष्ट प्रत्यक्ष करून दाखवतात.

एका मुलीला ते नवं व्हर्च्युअल मशीन उभं करायला सांगतात. लिनक्स, वीस अक्षरी पासवर्ड, तो फक्त तिला ठाऊक. ती बाहेरून लॉगिन करायचा एसएसएचचा दरवाजा बंद करते, फायरवॉल लावते, सगळं दोनदा तपासते. मग जरा अभिमानानंच म्हणते, ‘‘काका, आता आत येऊन दाखवा.’’

काका तिच्या कीबोर्डला हात लावत नाहीत. ते होस्टच्या, म्हणजे तिचं मशीन चालवणाऱ्या खऱ्या यंत्राच्या, काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करतात. क्षणभरानं तिच्या मशीनमध्ये एक नवी फाइल दिसते. मालक: रूट. ती घाईघाईनं कोण कधी लॉगिन झालं त्याची यादी काढते. यादीत तिच्याशिवाय कुणीच नाही. पासवर्ड कुणी विचारला नाही, कुणी दिला नाही, आणि काम मात्र सर्वोच्च अधिकारानं झालं.

‘‘मी काही फोडलेलं नाही,’’ काका तिला सांगतात. ‘‘जे आहे तेच वापरलं.’’

एकाच यंत्रात अनेक संगणक चालवायची ही कल्पना जुनी आहे. आयबीएमनं १९७२ मध्ये आपल्या मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० जाहीर केलं, १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी निघाली, २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आलं. प्रॉक्समॉक्स याच केव्हीएमवर चालतं. खरं यंत्र ज्याच्या ताब्यात असतं तो थर म्हणजे होस्ट, आणि त्यावर चालणारी मशीन म्हणजे गेस्ट. गेस्ट नीट बंद करणं, बॅकअपच्या वेळी त्याची डिस्क क्षणभर थांबवणं, अशा कामांसाठी गेस्टमध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवतात. त्याला गेस्ट एजंट म्हणतात. केव्हीएमसोबत चालणाऱ्या क्यूईएमयूचा हा एजंट रूटच्या अधिकारानं चालतो आणि होस्टकडून आलेला हुकूम कुणाचा आहे हे विचारत नाही. होस्ट विश्वासू आहे, हे त्यानं मुळातच गृहीत धरलेलं आहे. काकांची ती ओळ त्यानंच चालवली. रेड हॅटनं यातला धोका ओळखून आपल्या लिनक्समध्ये बाहेरून कमांड चालवणं आणि फाइल उघडणं हे हुकूम आधीपासूनच अडवून ठेवले आहेत. डेबियनमध्ये तशी अडवणूक नाही. ती आपली आपण करावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही.

मुलगी चिवट आहे. ती एजंटच काढून टाकते. काका म्हणतात, ‘‘आता एडिटर उघड, काहीतरी लिही, पण सेव्ह करू नकोस.’’ ती लिहिते. काका होस्टवरून त्या मशीनच्या मेमरीची प्रत काढतात आणि तीत शोध घेतात. तिचं वाक्य समोरच्या पडद्यावर जसंच्या तसं येतं. तिसरी पायरी डिस्कची. मशीन बंद करून तिची डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली की आतल्या सगळ्या फाइली वाचता येतात. डिस्क गेस्टच्या आतून कूटबद्ध केली असेल तर हे जमत नाही, पण मशीन चालू असताना त्या कुलपाची किल्लीही मेमरीतच असते.

ऑफिसच्या खिडकीतून किल्ला दिसतो. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ जयाजीराव शिंद्यांची बहुतेक फौज तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई आणि रावसाहेब पेशवे यांच्या बाजूला गेली, जयाजीराव आग्र्याकडे निघाले आणि किल्ला वेढा न पडता हाती आला. तट तेच होते, दरवाजेही तेच. दरवाज्यावरच्या माणसांनी कुणाचा हुकूम मानायचा, एवढंच बदललं होतं. होस्ट दुसऱ्याच्या हाती गेला की गेस्टचं अगदी हेच होतं.

व्हीएमवेअरची रचना वेगळी होती. होस्टला गेस्टमध्ये काही करायचं असेल तर गेस्टमधल्या वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड द्यावा लागे, आणि व्हीएमवेअर टूल्स या गेस्टमध्ये बसवायच्या प्रोग्रॅममधला एक भाग तो तपासून पाही. कागदावर ही रचना केव्हीएमपेक्षा कडक. जून २०२३ मध्ये मँडियंट या सुरक्षा कंपनीनं तिच्यातली फट उघड केली. होस्टवर पूर्ण ताबा असलेला माणूस ही तपासणी निकामी करू शकत होता आणि पासवर्डशिवाय गेस्टमध्ये कमांड चालवू शकत होता, विंडोज असो वा लिनक्स. गेस्टमध्ये त्याची नोंदही आपोआप होत नव्हती. ही फट वापरणाऱ्या, चीनशी संबंध असल्याचं मानलं जाणाऱ्या गटाला मँडियंटनं यूएनसी३८८६ असं नाव दिलं आहे.

या गटाची कामाची पद्धत काका फळ्यावर काढून दाखवतात, कारण तिची प्रत्येक पायरी ‘कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा’ याच प्रश्नाशी येऊन थांबते. अनेक होस्ट एकत्र सांभाळणारं व्हीसेंटर प्रत्येक ईएसएक्सआयवर ‘व्हीपीएक्सयूजर’ नावाचं खातं स्वतः तयार करतं आणि त्याचा लांबलचक पासवर्ड स्वतःच बदलत राहतं. माणसाला तो कधी दिसत नाही. या गटानं व्हीसेंटरमधल्या डेटाबेसमधूनच ते पासवर्ड काढले. त्याआधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, याच मंडळींची दुसरी करामत उघड झाली होती. ईएसएक्सआयवर बसवायच्या पॅकेजवर ते कुणी तपासलं याचा दर्जा लिहिलेला असतो. यांनी आपल्या पॅकेजच्या माहितीत ‘भागीदार कंपनीचं’ असं खोटंच लिहिलं. सही जुळत नव्हती, म्हणून जबरदस्तीनं बसवण्याचा पर्याय वापरला. त्यांच्या काही चोरवाटा तर होस्ट आणि गेस्ट यांच्यातल्या अंतर्गत जोडणीवरून चालत. नेटवर्कवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेला त्या दिसणं शक्यच नव्हतं, कारण तो संवाद नेटवर्कवर येतच नसे.

पासवर्डची तपासणी टाळणाऱ्या त्या फटीचा क्रमांक सीव्हीई-२०२३-२०८६७. तीव्रतेचे गुण दहापैकी ३.९, म्हणजे ‘कमी’. कारण असं, की ती वापरायला होस्ट आधीच हातात असावा लागतो. हिशेब नियमाप्रमाणे बरोबर आहे आणि तरी तो दिशाभूल करतो. ज्या संस्थेत गुणांच्या उतरत्या क्रमानं पॅच लावतात, तिथे ३.९ ची पाळी फार उशिरा येते, आणि इथे तर खुद्द हेर ती वापरत होते.

होस्ट हातात येणं तरी कितीसं अवघड? जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जे सांगितलं ते वाचून मुलं अवाक होतात. ईएसएक्सआय कंपनीच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला, म्हणजे वापरकर्त्यांच्या सामाईक यादीला, जोडलेलं असेल, तर ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ नावाच्या गटातल्या प्रत्येकाला त्यावर पूर्ण अधिकार मिळत. असा गट मुळात नसला तरी चाले. हल्लेखोरानं त्या नावाचा नवा गट तयार केला आणि स्वतःला त्यात घातलं की झालं. खंडणीखोर टोळ्यांनी हे वापरलं, अकिरा आणि ब्लॅक बस्ता या खंडणी-प्रोग्रॅमांसाठी. कधी तर फट लागतच नाही. जुलै २०२५ मध्ये गुगलनं यूएनसी३९४४ या गटाची पद्धत मांडली. ते हेल्पडेस्कला फोन करतात, कर्मचारी असल्याचं भासवून पासवर्ड बदलून घेतात, तिथून व्हीसेंटरपर्यंत पोचतात. मग सगळ्यांचे पासवर्ड सांभाळणारं व्हर्च्युअल मशीन बंद करून त्याची डिस्क दुसऱ्या, विसरलेल्या मशीनला जोडतात. काकांची तिसरी पायरी.

‘हो, खरं आहे’ म्हणणाराच बदलला तर काय होतं, हे मराठी माणसांनी २०१८ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेत प्रश्न व्हर्च्युअल मशीनचा नव्हता, पण दुखणं याच जातीचं होतं. एटीएमवरून आलेली मागणी बँकेच्या मूळ प्रणालीकडे जायला हवी होती. हल्लेखोरांनी मध्येच बनावट स्विच उभा केला आणि तोच परस्पर मंजुरी देत राहिला. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशप्रणालीमार्गे आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. प्रत्येक एटीएमला तेव्हा रीतसर मंजुरीच दिसत होती.

दुपार कलताना शिक्षणसंस्थेतलं काम सुरू होतं. सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत आहेत. काका आधी पासवर्ड विचारत नाहीत, केबल बघतात. होस्टच्या व्यवस्थापनाचा पोर्ट विद्यार्थ्यांच्या वायफायच्याच स्विचला लावलेला निघतो. तिन्ही होस्टचा रूट पासवर्ड एकच, आणि तो संगणक बसवणाऱ्या एजन्सीच्या लोकांनाही माहीत. गेस्टमध्ये मात्र शिस्त चांगली: दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदल, अँटिव्हायरस ताजा. संस्थेच्या लोकांनी मन लावून कष्ट घेतले आहेत, पण पहारा वरच्या थरावर आणि खालचा थर उघडा.

हलवाहलव करतानाच मुलगी व्यवस्थापनाचा पोर्ट वेगळ्या स्विचवर नेते. प्रत्येक होस्टला वेगळा पासवर्ड पडतो, दुसरी पडताळणी चालू होते, गेस्ट एजंटला फक्त शटडाउन आणि बॅकअपपुरते हुकूम राहतात. होस्टचे लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवायची सोय ती सर्वांत शेवटी करते, पण काकांच्या मते तेच पहिलं हवं. जुन्या ईएसएक्सआयला लॉगसाठी कायमची जागा नेमून दिली नसेल तर त्याचे लॉग मेमरीत राहतात आणि रीस्टार्ट झाला की जातात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. लॉगच उरले नाहीत तर कळवणार काय?

होस्टवर विश्वास न ठेवताही गेस्ट चालवता येईल का, यावरही काम झालं आहे. एएमडीचं एसईव्ही आणि इंटेलचं टीडीएक्स गेस्टची मेमरी प्रोसेसरच्या पातळीवर कूटबद्ध करतात, आणि आपण खऱ्याच यंत्रावर चालतो आहोत याचा प्रोसेसरनं सही केलेला दाखला मालकाला देतात. दिशा हीच बरोबर आहे. तरी डिसेंबर २०२४ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी सुमारे दहा डॉलरच्या साधनांनी मेमरीच्या पट्टीला तिच्या आकाराबद्दल खोटं बोलायला लावलं आणि एएमडीचं हे कवच भेदून दाखवलं. एएमडीनं मग दुरुस्ती दिली. ग्वाल्हेरच्या जिन्याखालच्या खोल्यांमध्ये असे प्रोसेसर यायला अजून बराच अवकाश आहे.

शाळा, पतसंस्था, रुग्णालय, नगरपालिका: ज्यांच्याकडे असे दोनतीन सर्व्हर आहेत, त्यांनी आपल्या देखभाल करणाऱ्याला या आठवड्यात तीन प्रश्न विचारावेत. होस्टचा रूट पासवर्ड नेमका कुणाकुणाला ठाऊक आहे? त्याच्या व्यवस्थापनाचा पोर्ट कोणत्या नेटवर्कवर आहे? आणि त्याचे लॉग कुठे जमा होतात? व्हीएमवेअर वापरत असाल तर गेस्टमधल्या टूल्सची आवृत्तीही बघून घ्या. २०२३ ची ती फट १२.२.५ या आवृत्तीत बुजवलेली आहे, आणि नंतर सापडलेल्या फटींसाठी त्याहून पुढची आवृत्ती लागते.