अग्निदग्धांचें ऋण

इंग्लंडांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं आगी विझवितांना मेलेल्या बंबवाल्यांचीं थडगीं पुष्कळ ठिकाणीं गवतांत बुडून गेलीं. सैनिकाच्या थडग्याची निगा राखण्यास १९१७ सालीं स्थापन झालेलें स्वतंत्र मंडळ आहे. बंबवाला पडला मुलकी माणूस. त्याचें नांव वेस्टमिन्स्टर ॲबीमधील नामावलींत राहिलें, थडगें मात्र घरच्यांच्या हवालीं झालें. आणि घरचीं माणसें सरल्यावर त्या दगडास विचारणारें कोणी उरलें नाहीं. आतां तेथील कांहीं मंडळी हीं थडगीं हुडकून नीट करीत आहेत.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल, आपल्यांत थडगेंच नसतें, मग जीर्णोद्धार कशाचा करावयाचा? शंका रास्त आहे. तिचें उत्तर आम्हां बदलापूर-अंबरनाथकरांस भायखळ्याला, मुंबईच्या अग्निशामक दलाच्या मुख्य ठाण्यांत मिळतें. तेथें १४ एप्रिल १९४४ रोजीं मेलेल्या ६६ जवानांचें स्मारक आहे.

त्या दिवशीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाची आगबोट उभी होती. तिच्या पोटांत सुमारें १,४०० टन दारूगोळा, आणि त्याच पोटांत कराचीस चढविलेल्या कापसाच्या ८,७०० गासड्या! विस्तवाजवळ लोणी ठेवूं नये हें आमच्या घरांतील आजीबाई जाणतात. दुपारीं दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, ९०० टनांहून अधिक पाणी बोटींत ओतलें गेलें; पण आगीचें मूळ सांपडेना. घातक माल आहे हें सांगणारें तांबडें निशाण बोटीवर असावयास हवें होतें. तें लावलेलेंच नव्हतें. तीन वाजून ५० मिनिटांनीं बोट सोडण्याचा हुकूम झाला, चार वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट, आणि त्यानंतर २८ मिनिटांनीं दुसरा. त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावरहि उमटला. बातमी मात्र दडपली गेली. ती बाहेर पाठविण्याची मुभा वार्ताहरांस मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत मिळाली. मुंबईंत आकाशांतून सोन्याच्या विटा पडल्या ही गोष्ट अजून घरोघर चवीनें सांगतात. ज्यांच्या हातांत पाण्याचे नळ होते त्यांची गोष्ट सांगणारें घर क्वचितच भेटतें.

कित्येकांचे देह हातीं लागले नाहींत. अशा मृतांची सोय आपल्या शास्त्रकारांनीं केलेली आहे: पळसाच्या ३६० देंठांची प्रतिमा करून तिला अग्नि द्यावा. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्रानें वा अपघातानें गेलेल्यांच्या श्राद्धासाठीं राखलेली आहे. तर्पणांत तर ज्यांस मागें कोणी नाहीं त्यांच्या नांवेंहि पाणी सोडतात. पितृपक्षांत आमच्या घरांतून खीर-वडे यथासांग होतात. त्या पाण्याच्या ओंजळींत या ६६ जणांस जागा द्यावयास आणखी खर्च येत नाहीं.

दगडाचीहि परंपरा आपल्याकडे आहेच. अंबरनाथचें देवालय शके ९८२ मधलें, शिलाहारांचें. त्याच शिलाहारांच्या मुलखांत, बोरिवलीजवळ एकसर येथें वीरगळ आहेत. त्यांवर लढाऊ जहाजें कोरलेलीं असून समुद्रावर पडलेले वीर वरच्या थरांत स्वर्गीं जातांना दाखविले आहेत. वीरगळांची आम्हीं जी दैना केली ती सांगावयास लाज वाटते: कोठें शेंदूर फासला, कोठें धुणें आपटलें, आणि नांव पुसून गेलें. भायखळ्याचें स्मारक त्याच कुळांतलें आहे. दल तेथें दरवर्षीं मानवंदना देतें, आणि १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. नातवंडांस घेऊन जाणारे आजोबा मात्र तेथें फारसे दिसत नाहींत. बदलापुराहून गाडीनें दीड तासाची वाट; एवढी वाट आपण लग्नाच्या आहेरासाठीं सहज तुडवितों.

तें युद्ध आमच्यापासून दूर होतें असेंहि नाहीं. उल्हासनगर ज्या बराकींत वसलें त्या लष्करासाठीं बांधलेल्या. १९४७ नंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें त्यांत राहिलीं. आज त्या बराकी शोधाव्या लागतात.

बंबवाल्याचें संकट मात्र शोधावें लागत नाहीं. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. तेथें आग लागली कीं बंबावरील तरुण पोरें आंत शिरतात, आणि कोणत्या पिंपांत काय भरलें आहे हें त्यांस आधीं कळणें म्हणजेच १९४४ सालीं न लागलेलें तें तांबडें निशाण. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ सालीं कारखाना कायद्यांत अशी माहिती उघड करण्याचें बंधन घातलें गेलें. आमच्या वाचकांचे कित्येक मुलगे नि जावई याच व्यवसायांत रसायनतज्ज्ञ, व्यवस्थापक म्हणून नोकरीस आहेत. घरांतील वडीलधाऱ्यांनीं रात्रीं पानावर बसतांना त्यांस एवढेंच विचारावें, कीं मालाची यादी ताजी आहे काय, आणि तिची एक प्रत बंबाच्या ठाण्यांत पोंचली आहे काय.