एसीच्या कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर जोडताना

माझ्या डेटामध्ये दर पंधरा-वीस मिनिटांनी एक टोक यायचं. दोन आठवडे मी त्याला नमुन्याचाच गुणधर्म समजत होते. सरांना दाखवायला आलेखसुद्धा तयार केला होता! मग एका रात्री लॅबमध्ये बसले असताना खिडकीबाहेरचं एसीचं आउटडोअर युनिट धप्पकन सुरू झालं, ट्यूबलाइट क्षणभर मंदावली आणि स्क्रीनवर तेच टोक आलं. पुढच्या वेळी घड्याळ लावून बसले. पुन्हा तेच.

तुमच्यापैकी बरेच जण लवकरच अशा एखाद्या लॅबमध्ये जाल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दीड टनाचा जुन्या पद्धतीचा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी चालू असताना साधारण ७-८ अँपिअर घेतो. पण सुरू होण्याच्या क्षणी मोटर थांबलेली असते, तिच्यात विरोधी विद्युतदाब तयारच झालेला नसतो, त्यामुळे प्रवाह पाच-सहा पट होतो. ४० अँपिअर धरा. लॅबपर्यंतच्या वायरिंगचा अवरोध समजा अर्धा ओहम आहे, तर ४० × ०.५ = २० व्होल्ट वाटेतच पडले. २३० चे झाले २१०. हे सगळं सेकंदाच्या एखाद्या अंशात घडतं, पण संवेदनशील उपकरणाला तेवढं पुरतं.

सॉफ्ट स्टार्टर इथे मदतीला येतो. त्यातले सेमीकंडक्टर स्विच एसी लहरीचा काही भाग कापून मोटरला सुरुवातीला कमी व्होल्टेज देतात, ते हळूहळू वाढवतात आणि मोटरने वेग घेतला की आतला रिले त्यांना बाजूला करून थेट पुरवठा जोडतो.

आमच्या एका ज्युनिअरने लगेच विचारलं, "मग मोठा फॅन रेग्युलेटरच लावला तर?" प्रश्न चांगला आहे. अडचण अशी की मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज निम्मं केलं तर प्रवाह साधारण निम्मा होतो, पण टॉर्क एक चतुर्थांश. कॉम्प्रेसरला गॅसच्या दाबाविरुद्ध फिरायचं असतं. तो फिरणारच नाही, नुसता गुणगुणत तापेल. म्हणून सिंगल फेज कॉम्प्रेसरसाठीच्या सॉफ्ट स्टार्टरमध्ये बहुधा वेगळा स्टार्ट कपॅसिटर असतो. तो स्टार्ट वाइंडिंगला तेवढ्या वेळापुरता जोर देतो. थ्री फेज पंपाचा सॉफ्ट स्टार्टर इथे चालत नाही. एसी बंद झाल्यावर तीन मिनिटं थांबावं लागतं तेही याच कारणाने: दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला वेळ लागतो.

आता जोडणी. आमच्याकडे हे काम विद्युत विभागाच्या तंत्रज्ञाने केलं, मी शेजारी मीटर धरून उभी होते. तुम्हीही तसंच करा. आधी आयसोलेटर बंद, मग मीटरने सप्लाय नाही याची खात्री. तरीही कपॅसिटर भरलेला असू शकतो. ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टला सुमारे ४ जूल धरून ठेवतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय वाईट. २० किलोओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर पाच-सहा सेकंद लावला की काम होतं. त्यानंतरही व्होल्टेज मोजायचंच.

मग कॉम्प्रेसरची सी, आर आणि एस ही टर्मिनल्स ओळखायची. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, आधी कोणीतरी दुरुस्ती करून रंग बदललेले असतात. वायर काढून तिन्ही जोड्यांचा अवरोध मोजा. सर्वात जास्त येतो तो आर आणि एसमध्ये, म्हणजे उरलेलं टर्मिनल सी, कॉमन. सीपासून कमी अवरोधाचं ते आर, म्हणजे रन. जास्त अवरोधाचं ते एस, म्हणजे स्टार्ट. लहान दोन अवरोध मिळवले की तिसरा यायला हवा. नाही आला तर तिथेच थांबा.

सॉफ्ट स्टार्टर मुख्यतः रन वाइंडिंगच्या वाटेत सिरीजमध्ये बसतो. आरची वायर कपॅसिटरच्या कॉमन टोकावरून काढून त्याच्यातून न्यायची. त्याच्या उरलेल्या वायर रन कपॅसिटर आणि स्टार्ट वाइंडिंगकडे जातात. त्यांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, त्यामुळे सोबतचा नकाशाच प्रमाण. पंख्याची वायर त्याच्यातून न्यायची नाही. जुनं हार्ड स्टार्ट किट असेल तर ते काढायचं. ओव्हरलोड प्रोटेक्टर मात्र आहे तिथेच राहू द्यायचा.

फरक पडला की नाही हे कसं ठरवाल? साधा क्लॅम्प मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे खरं शिखर त्यातून निसटतं. इनरश मोड असलेला मीटर हवा, नाहीतर करंट प्रोब लावलेला ऑसिलोस्कोप. शिवाय काही स्टार्टर पहिल्या काही सुरुवातींमध्ये स्वतःला जुळवून घेतात, म्हणून पहिल्या वाचनावर निष्कर्ष काढू नका. स्टार्टर बसवण्याआधी दहा आणि नंतर दहा वाचनं घ्या, प्रत्येकामध्ये किमान पाच मिनिटं सोडा. बाहेरचं तापमानही लिहून ठेवा, कारण त्यावर गॅसचा दाब अवलंबून असतो.

"वीज बिल कमी होतं" ही जाहिरात मात्र सोडून द्या. २३० × ४० × ०.३ करून बघा: फार तर २,७६० जूल. १,६०० वॉटचा एसी तेवढी ऊर्जा दोन सेकंदांत वापरतो.

आमचं टोक लहान झालं, पण गेलं नाही. शेवटी उपकरण ऑनलाइन यूपीएसवर घेतलं आणि त्या दोन आठवड्यांची सगळी मोजमापं पुन्हा केली, आधी एसी बंद ठेवून, मग चालू ठेवून. तो आलेख सरांना दाखवायचा राहिला होता, हे नशीब. तुमच्या लॅबमध्ये इन्व्हर्टर एसी असेल तर यातलं काही करायला जाऊ नका. तो मुळात हळूच सुरू होतो आणि त्याच्या कॉम्प्रेसरला बाहेरून सॉफ्ट स्टार्टर लावायचा नसतो.