मॉर्फिनची भीती : कुठे हवी, कुठे नको

धुळे-मालेगाव पट्ट्यात नशेसाठी आणलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. त्याच खान्देशात तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण रात्रभर कण्हत असतो, आणि डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं की घरचे धास्तावतात : ‘नको डॉक्टर, सवय लागेल.’ बाटली रिचवणाऱ्याला भीती वाटत नाही आणि जिथे औषधाची गरज आहे तिथे नको इतकी वाटते. खरं तर त्या खोकल्याच्या औषधातल्या कोडीनचा काही भाग यकृतात मॉर्फिनमध्येच बदलतो. ‘गर्द’ म्हणजे हेरॉइनही शरीरात गेल्यावर मॉर्फिनच होतं.

मॉर्फिन ज्या अफूतून निघतं, ती या भागाला परकी नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. आजही मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्यानं खसखशीची शेती होते. मात्र अफूचं मेंदूत नेमकं काय होतं, हे १९७३ साली तिचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या ती चिकटण्याच्या जागा, सापडल्यावर उमगू लागलं. दोनच वर्षांनी स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी एन्केफॅलिन शोधलं. वेदना शमवणारं हे रसायन शरीर स्वतःच तयार करतं. मॉर्फिन त्याच्याच जागेवर जाऊन बसतं.

ही मुख्य जागा म्हणजे ‘म्यू’ रिसेप्टर. मॉर्फिन तिथे चिकटलं की चेतापेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियमचं आत येणं कमी होतं आणि पेशीतलं सायक्लिक एएमपी हे संदेशवाहक रसायन घटतं. वेदनेचा निरोप पुढे जाईनासा होतो.

रोज मात्रा मिळू लागली की पेशी जुळवून घेते. एकीकडे रिसेप्टरवर फॉस्फेट चढतं, अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि रिसेप्टरचा प्रतिसाद मंदावतो. दुसरीकडे सायक्लिक एएमपी बनवणारी यंत्रणा जोर वाढवते. बिजासन घाटात ब्रेक दाबून धरलेल्या ट्रकचा ॲक्सिलरेटरही दाबत जावा, तसं हे असतं. ब्रेकवरचा पाय अचानक काढला की ट्रक उधळतो. मॉर्फिन एकदम बंद केल्यावर मेंदूच्या खोडातल्या लोकस सेरुलिअस या भागात हेच घडतं. नाका-डोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब; झोप तर उडतेच. शेवटच्या मात्रेनंतर ८ ते १२ तासांत त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि साधारण आठवडाभरात ओसरतो.

ही शरीराची सवय कर्करोगाच्या रुग्णालाही लागू शकते, पण ते व्यसन नव्हे. नुकसान दिसत असूनही माणसाला हात आवरता येत नाही, तेव्हा ते व्यसन. रुग्णाची मात्रा अनेकदा आजार वाढल्यामुळे वाढवावी लागते. सुरुवातीची मळमळ आणि गुंगी काही दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून पोट साफ ठेवणारं औषध सोबत द्यावंच लागतं. एकेकाळी रुग्णालयांना मॉर्फिन ठेवण्यासाठी अनेक परवाने लागत. अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि ती वाट सोपी झाली. घरच्यांची भीती मात्र कायद्यानं जात नाही.

नशा करणाऱ्याचा सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. काही आठवडे नशा सुटली की मेंदूची सहनशक्ती उतरते. मग कुणी ‘पूर्वी एवढं पचायचं’ म्हणून जुनीच मात्रा घेतली, तर श्वास थांबू शकतो. सोबत ‘कुत्ता गोळी’, म्हणजे अल्प्राझोलाम, असेल तर धोका आणखी वाढतो. तिचे रिसेप्टर वेगळे, पण मेंदूला गुंगवण्याचं काम दोन्ही मिळून करतात.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रुग्णाला मॉर्फिन सुरू असेल तर ते मनानं बंद करू नका, मात्रा डॉक्टरांनाच कमी करू द्या. आणि घरात कुणी नशेत अडकलं असेल तर त्याला कोंडून, मारहाण करून मेंदूतली ही उलथापालथ थांबत नाही. त्यावर उपचार आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी हेल्पलाइन क्रमांक असून त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.