साप दिसला, तर आधी हात आवरा



मिरगाचा पाऊस पडला, बिळांत पाणी शिरलं, की साप बाहेर पडतात. बांधावर, कडब्याच्या गंजीत, गोठ्याच्या कुडाशी, जिथं उंदीर-बेडूक तिथं साप हा ठरलेलाच. अंधारात पाय पडला आणि चावला, तर तो अपघात झाला. आज बोलायचं आहे ते मात्र आपण होऊन ओढवून घेतलेल्या दंशाबद्दल. असे दंश बहुधा हाताला होतात, आणि पुष्कळदा ते चार माणसं बघत असताना होतात.

चित्र नेहमीचंच आहे. भुईमूग काढताना साप निघतो. माणसं गोळा होतात. एखादा गडी म्हणतो, "अरे, हे तर अजगराचं पिल्लू!" आणि शेपटी धरून उचलतो. दुसरा मोबाईल काढून फोटो घ्यायला लागतो. आता हे पिल्लू अजगराचं नसून घोणस असली म्हणजे काय होणार ते सांगायला नको. ही गल्लत फार जणांची होते, कारण दोघांची अंगं जाड आणि नक्षीदार. घोणशीच्या अंगावर तपकिरी लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या असतात. अजगराचे डाग वेडेवाकडे, फाटल्यासारखे. डिवचली की घोणस कुकरची वाफ सुटावी तशी फुसफुसते. वेटोळं घालून ती सुस्त पडलेली दिसते, पण तिचा झटका डोळ्याला दिसत नाही. दात लांब, शेपटीला धरली तरी उलटून मारते. तिच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त जातं, मूत्रपिंडं निकामी होतात. वाचलेल्या माणसालाही काही वेळा बोट किंवा हात गमवावा लागतो. हात गेलेल्या माणसानं नांगर कसा धरायचा?

तीच गत मण्यार आणि कवड्याची. कवड्या बिनविषारी, मण्यार नागापेक्षाही जहाल. दोघांच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे. मण्यारीचे पट्टे शेपटीकडं ठळक असतात आणि डोक्याकडं पुसट होत जातात, कवड्याचे नेमके उलट. पण ही खूण वाचून कुणी कंदिलाच्या उजेडात साप हातात घेऊन पट्टे मोजायला बसू नका! मण्यारीचा दंश दुखतही नाही, सूजही नसते. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, घास गिळवत नाही, शेवटी श्वास बंद पडतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ठेचलेला साप मेलाच असं समजू नका. धडापासून तुटलेलं मुंडकंसुद्धा काही वेळ चावू शकतं, आणि त्यातलं विष तेवढंच खरं. मेलेला साप काठीवर नाचवणं, पोरांनी तो एकमेकांच्या अंगावर टाकणं, हे खेळ बंद करा. पोटात दारू असली की धीट झालेला हात साप उचलायला पहिला पुढं येतो, हेही आपण सगळे जाणतो. साप मारणं किंवा पकडून खेळ करणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी मारायला जाणारा माणूस सापाच्या टप्प्यात जातो, हे खरं कारण आहे.

"साप मारून डॉक्टरांना दाखवावा लागतो ना?" असं काही जण विचारतात. नाही. आपल्याकडं मिळणारी सर्पविषावरची लस घोड्याच्या रक्तापासून तयार करतात, आणि ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींच्या विषावर एकच चालते. कोकणात फुरसं फार, देशावर घोणस फार, तरी लस तीच. रक्त गोठतंय की नाही हे डॉक्टर काचेच्या नळीत थोडं रक्त वीस मिनिटं ठेवून पाहतात. त्यावरून आणि रोग्याच्या लक्षणांवरून ते काय ते ठरवतात. सापामागं काठी घेऊन धावण्यात गेलेला अर्धा तास रोग्याच्या जिवातून वजा होतो.

मांत्रिकाबद्दल थोडं बोलायलाच हवं. मंत्रानं माणसं उठलेली तुम्ही पाहिली असतील. ती खोटी नाहीत. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही काही वेळा चावतो पण विष सोडत नाही. ती माणसं मंत्राशिवायही उठली असती. ज्याच्या अंगात विष गेलं, तो मात्र देवळाच्या पायरीवर वेळ घालवून बसतो.

तेव्हा दंश झालाच, तर रोग्याला धीर द्या, चालवू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, पायातला दोरा लगेच काढा, कारण सूज आल्यावर ते निघत नाही. चावलेला हात किंवा पाय, हाड मोडल्यावर बांधतो तसा, कामटीला सैल बांधून स्थिर ठेवा. करकचून दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं ओढू नका. ओकारी होत असेल तर कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. चावल्याची वेळ तेवढी ध्यानात ठेवा. जवळच्या कोणत्या दवाखान्यात लस असते आणि रात्री डॉक्टर असतात, याची चौकशी पेरणीआधीच करून ठेवलेली बरी.

घरात साप शिरला तर पोरंबाळं, गुरं बाजूला घ्या, दुरून नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवा. शेतात निघाला तर काम थांबवून आठ-दहा हात मागं सरा आणि त्याची वाट मोकळी सोडा. घेरलं नाही तर तो आपण होऊन बांधाकडं निघून जातो. मग लांब काठीनं गवत आपटत आपटत पुन्हा कामाला लागा. पायात बूट असू द्या, आणि पेंढी उचलायच्या आधी ती काठीनं उलटून बघा.