नोंदवहीतील आकडे

मुलांनो, घरात बाळ जन्मले की त्याची नोंद नगरपालिकेत होते. कोणी मरण पावले, तर तीही नोंद होते. त्या नोंदीत वय आणि मृत्यूचे कारण लिहितात. अशा जुन्या नोंदी वाचल्या, तर त्या काळचे लोक कसे जगत होते हे कळते.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले आणि दुसरे १९३९ साली सुरू झाले. या मधल्या काळातील मुंबई पाहा. कोकण, घाट आणि उत्तर हिंदुस्थानातून हजारो लोक येथे कापडगिरण्यांत कामाला येत. परळ, लालबाग, मदनपुरा अशा वस्त्यांत ते दाटीवाटीने राहत. बहुतेक कुटुंबांना एकच खोली मिळे. तीत ना पुरेसा उजेड, ना खेळती हवा. एकाला खोकला झाला की तो साऱ्यांना होई. त्यामुळे न्यूमोनिया, क्षय अशा छातीच्या रोगांनी पुष्कळ माणसे दगावत. घाण पाण्यामुळे जुलाब व हगवण होई. १८९६ साली आलेला प्लेग मात्र आता ओसरत होता.

मृतांत तान्ही बाळे फार असत. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे एक वर्षाच्या आतील ६५० हून अधिक बाळे दगावली, असा हिशेब निघाला. पण थांबा! अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. जन्म गावी नोंदला जाई. परत आल्यावर बाळ दगावले, तर मृत्यू मुंबईत नोंदला जाई. म्हणून खरे प्रमाण या आकड्यापेक्षा कमी होते. तरीही ते भयंकरच होते.

आई गिरणीत जाई. मागे बाळ रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी देत. गुंगीत ते नीट दूधही पीत नसे. आई निर्दय नव्हती. पण घरी राहिली तर मजुरी बुडे. पुढे १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला आणि कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणाच्या रजेत पैसे मिळू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली कायदेमंडळात या मागणीची बाजू मांडली होती.

नोंदवहीत कारण म्हणून रोगाचे नाव लिहीत. अंधारी खोली, घाण पाणी आणि बुडणारी मजुरी ही कारणे तेथे सापडत नाहीत. ती आपल्याला विचार करून शोधावी लागतात.