शेगडी नीट पेटत नाहीं तेव्हां

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या बाजूचीं पुष्कळ घरें वर्षांतील बराच काळ बंद असतात. गणपतीसाठीं मंडळी मुंबई-पुण्याहून येतात, कुलूप निघतें, केरवारे होतात, आणि मोदकांची उकड काढण्यासाठीं शेगडी पेटवावी, तों ज्योत पिवळी व मलूल दिसते. नाहींतर मुळींच पेटत नाहीं. लागलीच "गॅसला दाबच नाहीं" असा निवाडा होतो. मग कोणी सिलिंडर आडवा करतो, कोणी त्यावर ऊन पाणी ओततो. वास्तविक अशा वेळीं दोष बहुधा सिलिंडराचा नसून शेगडीचा असतो. आणि तो शोधण्याचा एक सरळ क्रम आहे. तोच आज आम्ही वाचकभगिनींपुढें ठेवीत आहों.

प्रथम दाबाविषयीं दोन शब्द. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो प्रोपेन व ब्युटेन यांचें मिश्रण दाबाखालीं द्रवरूप करून भरलेलें असतें. आपल्याच जिल्ह्यांत उरण येथें, १९७४ सालीं सांपडलेल्या मुंबई हाय क्षेत्राच्या वायूपासून हें इंधन वेगळें काढतात. द्रव शिल्लक आहे तोंवर त्याची वाफ होत राहते व दाब फारसा उतरत नाहीं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतो. म्हणून हिमालयांतील थंडींत दाब अपुरा पडूं शकतो, परंतु कोंकणांत तसें होण्यास कारण नाहीं. अर्थात् ऊन पाणी व्यर्थ ठरलें. आडवा केलेला सिलिंडर तर धोक्याचा, कारण मग वाफेऐवजीं द्रवच रेग्युलेटरांत शिरतो. रेग्युलेटराचें काम हा दाब उतरवून फूटभर उंच पाण्याच्या दाबाइतका सौम्य करणें. शेगडीला लागतो तो एवढाच.

कांहींही तपासण्यापूर्वीं वास घ्यावा. या वायूला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यांत मर्कॅप्टन नांवाचें उग्र द्रव्य मिसळतात. तो हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतो. वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारेंखिडक्या उघडाव्या, विजेचें बटण लावूं नये व मालवूंही नये, आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें. पुढील सर्व कृति वास नसेल तरच करावयाची.

आतां दोन्ही बर्नर पेटवून पाहावे. दोन्ही मंद असतील तर दोष शेगडीच्या अलीकडचा: सिलिंडर संपत आला असेल, रेग्युलेटर नीट बसला नसेल, किंवा नळी दुमडली असेल. सिलिंडराचें वजन करावें. रिकाम्याचें वजन त्यावरच लिहिलेलें असतें. नळीला पांच वर्षें झालीं असल्यास ती बदलावी. सांध्यांवर साबणाचा फेस लावला असतां बुडबुडे उठले, तर तेथें गळती आहे असें समजावें. उलट दोन्ही ज्योती फार उंच उठूं लागल्या, तर रेग्युलेटर बिघडला. तो तत्काळ बंद करून वितरकास बोलवावें. घरीं खोलण्याची ही वस्तु नव्हे.

एकच बर्नर रुसला असेल तर दोष त्याच्याच ठिकाणीं. बर्नराखालील नळींत वायूबरोबर पुरेशी हवा मिसळली तरच ज्योत निळी होते. बंद घरांत या नळींत कोळी जाळें विणतो, कुंभारीण माशी मातीचें घर बांधते. खाऱ्या हवेनें गंज धरतो. उतू गेलेलें दूध छिद्रांत वाळून बसतें. मग ज्योत पिवळी होते व भांडीं काळीं पडतात. शेगडी थंड झाल्यावर, रेग्युलेटर बंद करून, बर्नर काढावा. साबणाच्या ऊन पाण्यांत ब्रशनें घासावा, नळी साफ करावी, आणि तो पुरता वाळल्यावरच नीट बसवावा. मात्र वायु ज्यांतून येतो त्या पितळी जेटच्या सूक्ष्म छिद्रांत सुई कधींही घालूं नये. छिद्र केसभर मोठें झालें तरी वायु अधिक येतो, हवा पुरत नाहीं, आणि तात्पुरता दोष कायमचा होतो. तें काम कारागिराचें.

काडीनें ज्योत पेटते, पण बटणाच्या ठिणगीनें पेटत नाहीं, असें असल्यास ठिणगीच्या टोंकाशीं ओल किंवा मळ आहे. तें कोरड्या फडक्यानें पुसावें. दोन-तीनदां न पेटल्यास कळ बंद करून सांचलेला वायु निघून जाऊं द्यावा. हट्टानें प्रयत्न केल्यास भडका होतो.

पिवळी ज्योत ही केवळ भांडीं घासण्याची कटकट नव्हे. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या वायूपासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु होतो; त्याला रंग नाहीं, वास नाहीं. पावसाची झड म्हणून खिडक्या लावून तासन् तास मोदक वाफविले जातात, तेव्हां त्याच हवेंत गृहिणी उभी असते. डोकें दुखूं लागलें, चक्कर येऊं लागली, तर ती दगदग म्हणून सोडून देऊं नये. प्रथम शेगडी बंद करून मोकळ्या हवेंत यावें.

घर पुन्हां बंद करतांना रेग्युलेटर काढून सिलिंडरास टोपी लावावी, आणि बर्नर धुऊन, वाळवून जुन्या धोतराच्या फडक्यांत घट्ट बांधून ठेवावे. एवढें केलें म्हणजे पुढल्या गणपतीला शेगडीशीं झगडण्याचा प्रसंग सहसा येणार नाहीं.