आंबागड : भंडाऱ्यातील गिरिदुर्ग

पेरू देशातील चोकेकिराव या इंका नगरीचे भग्नावशेष समुद्रसपाटीपासून सुमारे ३,०५० मीटर उंचीवर असून, तेथे पोहोचण्यासाठी पथिकास अपुरिमाक नदीच्या खोल दरीत उतरून पलीकडचा उभा चढ विरळ हवेत, धापा टाकीत चढावा लागतो. भंडारा जिल्ह्यास तेवढी उंची लाभलेली नाही; तथापि तुमसरपासून सुमारे १३ किलोमीटरवर, सातपुड्याच्या रांगेतील एका टेकडीवर, रानाने वेढलेला आंबागड पाहण्यास आलेल्या मनुष्यालाही दमछाक चुकत नाही, आणि वैशाखातील ऊन तर विरळ हवेची उणीव व्याजासह भरून काढते!

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद, ज्याने नागपूर शहर वसविले, त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने इ. स. १७००च्या सुमारास हा किल्ला बांधविल्याचे मानले जाते. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आला व त्याचा बंदीखाना झाला. येथील कैद्यांना गडावरील विहिरीचे साचलेले, विषारी झालेले पाणी पिण्यास भाग पाडीत व त्यातच त्यांचा अंत होई, अशी परंपरागत कथा आहे. ती अक्षरशः खरी मानावी की नाही, हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी बुरुजांची ढासळलेली चिरेबंदी आणि सांध्यांत रुजलेली झाडे पाहताना ती आठवल्यावाचून राहत नाही. पिण्याचे पाणी मात्र पायथ्यापासूनच बरोबर न्यावे.